सख्खा साडू आणि सच्छिद्र फूटपाथ

चष्मेवाल्यांच्या दुकानात पाणी शिरायचं ते मोठ्या रीतीनं. आधी फूटपाथवर थोडा वेळ उभं राहायचं, मग पायरी चढायचं, दारातून आत डोकवायचं आणि आत कुणी गिऱ्हाईक नाही अशी खात्री झाली की सरळ काउंटरपर्यंत यायचं. पावसाच्या दिवसांत आत गिऱ्हाईक नसायचंच, कारण दारात तळं असायचं. ज्याला धड दिसत नाही म्हणून जो चष्मा करायला निघालाय, त्यानं ते तळं घोटाभर आहे की गुडघाभर हे ठरवायचं कसं? बिचारा पलीकडूनच परत जायचा.

दोष उताराचा होता. सगळी गल्ली वरून धावत खाली यायची आणि नेमकी चष्मेवाल्यांच्या दारात दम खायची. त्यातून वरच्या टोकाला साडूंचं फरश्यांचं शोरूम. साडू म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी शोरूमपुढच्या फूटपाथला अशा गुळगुळीत फरश्या बसवल्या होत्या की त्यात बघून दाढी करावी. त्यांचं बघून बाकीच्या दुकानदारांनीही बसवल्या. त्यामुळे वरचं पाणी वाटेत कुठेही न रेंगाळता थेट खाली पोचायला लागलं. साडू माणूस वाईट नव्हते, हीच खरी अडचण होती. वाईट असते तर चष्मेवाल्यांना त्यांचा राग तरी मोकळेपणानं करता आला असता.

गेल्या पावसात पाण्यानं खालच्या खणातल्या सगळ्या फ्रेमा धुऊन काढल्या. बायकोनं पदर खोचला, बादली घेतली आणि उपसता उपसता सांगून टाकलं, "हे बघा, बास झालं. पुढच्या पावसात पाणी आत आलं तर दुकान बंद. भावोजी केव्हाचे मागे लागलेत, त्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर म्हणून बसायचं."

"मी? फरश्या विकू?"

"मग काय झालं? इथे कंबर माझी मोडते."

आणि कंबर खरोखरच तिची मोडत होती. साडूंनी तर शोरूममध्ये एक गोल फिरणारी खुर्ची आणूनही ठेवली. येता जाता म्हणायचे, "साडूबुवा, खुर्ची वाट बघतेय हं!" चष्मेवाले हसायचे आणि घरी येऊन नीट जेवायचे नाहीत. दुकान लहान होतं, पण त्यांचं होतं. गल्लीतल्या झाडून सगळ्या नाकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. त्या नाकांना सोडून फरश्यांची मापं घ्यायची, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

अशात एक दिवस चष्मा न्यायला एक मॅडम आल्या. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायच्या. दारातलं तळं ओलांडताना त्यांचा बूट आत गेला, आणि दुसरं कुणी असतं तर चष्मेवाल्यांवर चिडलं असतं, त्या चिडल्या फूटपाथवर.

"याला पाणी प्यायला का शिकवत नाही तुम्ही?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यांना वाटलं, नंबर वाढला असेल. पण दुसऱ्या दिवशी मॅडम काँक्रीटचा एक ठोकळा घेऊन हजर. खडी, सिमेंट आणि अगदी जेमतेम पाणी. वाळू जवळजवळ नाहीच. त्यामुळे खडीच्या मधल्या फटी मोकळ्या राहतात आणि पाणी त्यातून खाली जातं. "सच्छिद्र काँक्रीट म्हणतात याला," असं म्हणून त्यांनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि ठोकळ्यावर उपडा केला. पाणी नाहीसं झालं. चष्मेवाले आ वासून बघत राहिले. ते कुठे गेलं हे थोड्या वेळानं कळलं, कारण ठोकळा काउंटरवर होता आणि काउंटरखाली गिऱ्हाइकांच्या तयार चष्म्यांचा ड्रॉवर होता. पण ठिबकणाऱ्या ड्रॉवरकडे बघतानाही चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. लग्नाच्या आधी मुलगी बघायला गेले होते, त्यानंतर प्रथमच ते एखाद्या गोष्टीवर इतके एका नजरेत भाळले होते.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. शिंपी म्हणाला, भोकं ठेवायचीच तर सारख्या अंतरावर ठेवा, काजं असतात तशी. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं की त्या भोकांत डास राहायला येतील. शेजारच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहायच्या. साऱ्या गल्लीला त्या अजून वर्गच समजायच्या आणि गल्लीही निमूट समजू द्यायची. त्या म्हणाल्या, "चष्मेवाले, तुमचा हेतू चांगला आहे. पण भोकं असलेली वस्तू लोक दुरुस्त करतात, नवी करून घेत नाहीत."

तरी चष्मेवाल्यांनी चंग बांधला. फूटपाथ नगरपालिकेचा, म्हणून ठोकळा पिशवीत घालून ते परवानगीला गेले. रस्ते विभागातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"यातून पाणी खाली जातं म्हणता?"

"हो साहेब."

"मग हे गटार झालं. गटार विभागात जा."

गटार विभागातल्या साहेबांनीही शांतपणे ऐकलं. "यावरून लोक चालणार?"

"चालणारच ना."

"मग हा रस्ता झाला. रस्ते विभागात जा."

दोन विभागांच्या मध्ये एक लांबलचक व्हरांडा होता. ठोकळा हातात घेऊन चष्मेवाल्यांनी तो व्हरांडा इतक्या वेळा तुडवला की शिपाई त्यांना कर्मचारी समजून फायली द्यायला लागला. एक-दोन त्यांनी नेऊनही पोचवल्या. शेवटी त्यांची सहनशक्ती संपली. दोन्ही साहेब व्हरांड्यात चहा पीत उभे असताना त्यांनी ठोकळा कठड्यावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यानं त्यावर ओतायला सुरुवात केली. ठोकळा पीत गेला, चष्मेवाले ओतत गेले. माठ संपला. माठ संपल्यावर कार्यालयात जी खळबळ उडते ती कुठल्याही अर्जानं उडत नाही. रस्तेवाले साहेब ठोकळ्याच्या खालून, वरून, बाजूनं बघत म्हणाले, "ठीक आहे. प्रयोग म्हणून करा, खर्च तुमचा. पण पहिला मोठा पाऊस कोसळेल त्या दिवशी मी स्वतः येणार. दारात पाणी साचलेलं दिसलं, की त्याच दिवशी उखडायचं आणि साध्या फरश्या बसवायच्या."

साध्या फरश्या म्हणजे कुणाच्या शोरूममधल्या, हे सांगायची गरजच नव्हती. चष्मेवाले घरी आले तर साडू चहा पीत बसलेलेच होते. "साडूबुवा, काळजी करू नका," ते प्रेमानं म्हणाले, "तुमच्यासाठी मी एक फिकट हिरवी बाजूला काढून ठेवलीय."

काम सुरू झालं. मिस्त्री मोठा नावाजलेला होता. त्याचा हात फिरला की काँक्रीट आरशासारखं व्हायचं, अशी त्याची ख्याती. आधी खोल खणून खाली खडीचा जाड थर द्यायचा, तिथवर त्यानं कुरकुर केली नाही. पण "वाळू नको" म्हटल्यावर तो हातातलं फावडं टेकवून उभा राहिला.

"शेठ, वाळू नको म्हणजे?"

"म्हणजे नको."

"पाणी?"

"अगदी थोडं."

"मग काँक्रीट कशाचं करायचं, हवेचं?"

मॅडमनी समजावलं, चष्मेवाल्यांनी हात जोडले, तेव्हा तो तयार झाला. मिश्रण पसरलं, रूळ फिरवला. मॅडम समाधानानं मान हलवून कॉलेजला गेल्या, चष्मेवाले दुकानावरच्या घरात जेवायला गेले. आणि इथे घात झाला. खाली मिस्त्री एकटाच त्या खडबडीत, खाचाखोचांच्या, उघड्यावाघड्या कामाकडे बघत बसला. येणारे जाणारे थांबत, बघत आणि विचारत, "मिस्त्री, तुम्ही केलंत हे?" कलावंताचा जीव तो. किती सोसणार? त्यानं घमेल्यात थोडं पातळ सिमेंट कालवलं आणि निम्म्या फूटपाथवर असा सुंदर हात मारला की बघत राहावं.

चष्मेवाले हात पुसत खाली आले आणि बघतच राहिले.

"मिस्त्री! हे काय केलंत?"

"काही नाही शेठ," मिस्त्री लाजत म्हणाला, "या कामाचे जादा पैसे नकोत. माझ्याकडून समजा."

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. तो गुळगुळीत भाग ओला असतानाच उकरून पुन्हा करावा लागला. मिस्त्री आपलंच काम आपल्या हातानं उकरताना दर फावड्याला एक उसासा टाकत होता. शेवटी त्यानं एकच अट घातली, हे काम कुणी केलं ते कुणाला सांगायचं नाही.

मग ते सगळं प्लॅस्टिकनं झाकून काही दिवस ठेवायचं होतं, म्हणजे आतला ओलावा उडून जात नाही. झाकलेली वस्तू गल्लीला सहन होत नाही. प्लॅस्टिकचा कोपरा उचलून बघायला रांग लागायची, आणि चष्मेवाले दुकानातून "अहो, राहू द्या! राहू द्या!" ओरडत धावायचे. त्या दिवसांत त्यांनी एका गृहस्थांना दुसऱ्याच गृहस्थांचा चष्मा दिला. त्यांनी तो घातला आणि बरं दिसतंय म्हणाले, ही गोष्ट वेगळी.

प्लॅस्टिक निघालं त्या दिवशी सगळी गल्ली जमली. सगळ्यांनी वाकून वाकून बघून घेतलं. मग शिंप्यानं विचारलं, "वरचं फिनिशिंग कधी?"

"झालं ना. हेच आहे."

"हो, हो. पण वरचं कधी?"

हा प्रश्न चष्मेवाल्यांच्या आयुष्यात ठाण मांडून बसला. सकाळी दूधवाला, दुपारी पोस्टमन, संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी, सगळ्यांना फिनिशिंगची काळजी. साडू तर शोरूममधल्या गिऱ्हाइकांना मुद्दाम खाली पाठवायला लागले. ती मंडळी एक नजर टाकून परत वर जायची आणि मुकाट्यानं फरश्या पसंत करायची. चष्मेवाल्यांच्या दुकानाला लोक आता 'चाळणी' म्हणायला लागले. त्यांची बायको मंडईत गेली तर भाजीवाली म्हणाली, "चाळणीवाल्या वहिनी ना तुम्ही?" त्या दिवशी बायकोनं घरी येऊन स्वयंपाकघरातली चाळणी माळ्यावर टाकून दिली.

त्यातच एक हलकी सर आली. मोठा पाऊस नव्हे, नुसती सर. चष्मेवाले उत्साहानं दारात जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फूटपाथवरचं मात्र जागचं हललं नाही. उतरेना, मुरेना, आरामात साचून राहिलं. नेमके साडू छत्री घेऊन हजर. त्यांनी पाण्यात बोट बुडवून बघितलं. "उगाच जिवाला लावून घेऊ नका, साडूबुवा. मी फिकट हिरवी टेम्पोत भरूनच ठेवतो."

चष्मेवाल्यांनी मॅडमना फोन केला. आवाज रडवेला झाला होता, तो त्यांनी लपवलाही नाही.

"भोकं बुजली असतील धुळीनं," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नका. वाळलं की व्हॅक्यूम क्लीनर फिरवा."

"फूटपाथवर?"

"फूटपाथवरच."

व्हॅक्यूम क्लीनर घरात होता. लग्नाच्या वाढदिवसाला साडूंनीच दिला होता. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर चष्मेवाल्यांनी दुकानातून लांब वायर काढली, इकडे तिकडे बघितलं आणि बटण दाबलं. ते यंत्र गालिच्यावरच मुळात एवढं ओरडायचं. फूटपाथवर आल्यावर त्यानं जे काही आकांडतांडव केलं त्यानं गल्लीतली एकूण एक खिडकी उघडली. माणसाला आयुष्यात पुष्कळ प्रसंगांतून जावं लागतं. पण भर दिवसा, शर्टाला इस्त्री करून, गल्लीतल्या रहदारीच्या साक्षीनं फूटपाथ व्हॅक्यूम करताना चेहरा कसा ठेवावा हे कुणी शिकवत नाही. चष्मेवाल्यांनी तो शक्य तितका गंभीर ठेवला. एक मोटार थांबली. आतल्या माणसानं काच खाली केली, बघितलं आणि काच वर केली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "चष्मेवाले, झालं की आमच्याकडचा सोफा करून जा!"

थोड्या वेळानं त्यांनी पिशवी झटकली, तर आतून धूळ नाही, बारीक चाळलेली वाळू निघाली. बचकाभर! चष्मेवाले ती हातावर घेऊन बघत उभे राहिले. गल्लीत अशी वाळू उडून येणं शक्यच नव्हतं.

"ही कुणी टाकली?" त्यांनी रागानं विचारलं, आणि नजर आपोआप गल्लीच्या वरच्या टोकाकडे गेली.

"मी!" मागून आवाज आला. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या, हातात चहाची गाळणी. "रोज पहाटे थोडी थोडी भरते. म्हटलं, सगळे तुम्हाला हसतात, ते काही मला बघवत नाही. निदान भोकं तरी बुजतील, काम पूर्ण झाल्यासारखं दिसेल. जवळजवळ सगळं झालंय आता. आज ते कोपऱ्यातलं घ्यायचं होतं."

चष्मेवाल्यांना इतका वेळ साडूंबद्दल जे काही वाटलं होतं ते सगळं गिळावं लागलं, आणि बाईंना जे बोलावंसं वाटत होतं तेही. बाईंचे डोळे अभिमानानं चमकत होते. या वयात वाकून वाकून भरली होती ती वाळू.

"बाई," ते म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत. पण ही भोकं मला हवी आहेत हो. यांच्यावरच माझं दुकान आहे."

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, फूटपाथकडे पाहिलं, चष्मेवाल्यांकडे पाहिलं. मग गाळणी खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "द्या ती नळी इकडे. तुम्ही कोपरे सोडताय."

दोघांनी मिळून फूटपाथ दुपारपर्यंत साफ केला. बाई पुढे असल्यामुळे खिडक्यांतून हसायची कुणाची छाती झाली नाही.

आणि मग एका दुपारी तो आला. आधी आभाळ काळंभोर झालं, वारा पडला, आणि पुढच्या क्षणी असा पाऊस कोसळला की पलीकडचं औषधाचं दुकान दिसेना. चष्मेवाले काउंटरमागे उभे होते. बायकोनं न सांगता बादली आणून दाराशी ठेवली आणि पदर खोचला. रस्तेवाले साहेब शब्दाला जागून आले, छत्री उलटी झालेली, पँट वर दुमडलेली. त्यांच्या पाठोपाठ साडू आले. स्वतःच्या फरश्यांवरून यायचं असल्यामुळे ते दुकानांच्या शटरना धरून धरून, पाऊल जपून टाकत उतरत होते. चष्मेवाल्यांच्या फूटपाथवर पोचल्यावरच त्यांनी हात सोडले.

"आलं बघा," साडू म्हणाले.

खरंच आलं होतं. वरच्या टोकाकडून, गुळगुळीत फरश्यांवरून घसरत, वाटेतला पालापाचोळा आणि कुणाची तरी चप्पल घेऊन गल्लीभरचं पाणी खाली निघालं होतं. खिडक्याखिडक्यांत माणसं दाटली. चष्मेवाल्यांनी बायकोचा हात धरला. इतक्या लोकांसमोर त्यांनी तो लग्नात धरला असेल तेवढाच. पाण्याचा लोंढा शिंप्याचं दुकान ओलांडून आला, बाईंच्या दारावरून आला, सच्छिद्र फूटपाथच्या कडेला पोचला.

आणि गेला.

पानं वर राहिली, चप्पल वर राहिली, पाणी गेलं. मागून आणखी आलं, तेही गेलं. फूटपाथ एक बारीकसा आवाज करत होता, फार दिवसांच्या तहानेनं कुणी घटाघटा प्यावं तसा. पाऊस वाढत गेला आणि तो पीत गेला. पायरी कोरडी! चष्मेवाल्यांना आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पायरी तरी कोरडीच!

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी त्या फूटपाथवर जाऊन उभे राहिले. पायाखाली बघत म्हणाले, "पाणी गेलं कुठे?"

"खाली, साहेब."

"खाली कुठे?"

"जमिनीत. पूर्वी तिथेच जायचं ते."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. अधिकाराचा माणूस, पण त्या क्षणी त्यांनी लहान मुलासारखी एक उडी मारून बघितली. पायाखालून शिंतोडासुद्धा उडाला नाही. "सबंध गल्लीला करायला हवं हे," ते म्हणाले. "सबंध गल्लीला!"

बाईंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्यावर सगळ्या गल्लीनं वाजवल्या. गर्दीत एक माणूस छाती पुढे काढून सांगत होता, "मी केलंय! मी! वाळू घालू दिली नाही मी." तो मिस्त्री होता.

चष्मेवाले भरून पावले होते. त्यांना साडूंना काहीतरी झणझणीत ऐकवायचं होतं. किती दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. पण तेवढ्यात साडूंचा फोन वाजला. शोरूमचा रखवालदार होता. पाऊस इतका होता की तो ओरडून सांगत होता आणि सगळ्यांना ऐकू जात होतं, "साहेब, दारातल्या फरश्यांवरून घसरत पाणी तळघरात शिरलंय! फरश्यांची खोकी तरंगायला लागलीत!"

साडूंचा चेहरा एवढा पडला की चष्मेवाल्यांनी मनातलं सगळं मनातच ठेवलं. जिंकलेल्या माणसाला ते परवडतं.

"साडूबुवा," साडू हळूच म्हणाले, "त्या तुमच्या मॅडमचा नंबर द्याल?"

"देतो की."

"आणि ते मॅनेजरचं..."

"भावोजी," बायको मध्येच म्हणाली, "दुसरा बघा. यांना दुकान आहे." तिनं खोचलेला पदर सोडला आणि दाराशी ठेवलेली बादली उचलून साडूंच्या हातात दिली. "ही घेऊन जा. तुम्हाला लागेल."

साडू बादली घेऊन, शटरना धरत, वर निघाले. खिडक्यांतली माणसं त्यांना वाट सुचवत होती. पाऊस काही थांबायचं नाव घेत नव्हता. आणि त्या तसल्या धो धो पावसात, रस्त्याच्या पलीकडून एक म्हातारे गृहस्थ हातात मोडलेला चष्मा घेऊन चाचपडत आले. फूटपाथवर पाय ठेवताना ते थांबले, पायानं अंदाज घेतला, पाणी लागलं नाही तेव्हा चकित झाले, आणि तसेच सरळ चालत कोरड्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"एवढ्या पावसात दुकान चालू आहे का हो?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी लगबगीनं पुढे होऊन त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पावसात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"चालू आहे," ते म्हणाले. "या ना, या. चालू आहे आणि चालूच राहणार आहे."